मामाच्या तळघरातला समुद्र

सेकंड इयरचा शेवटचा पेपर झाला आणि चौथ्या दिवशी मी मामाच्या गावाला निघाले. सुट्टीत सगळेच जातात तशी. फरक एवढाच, की माझ्या मामाचं गाव न्यू जर्सीत आहे. तिथे विहीर नाही, आमराई नाही. पण मामाच्या घराच्या तळघरात एक समुद्र आहे, ३४० लिटरचा!

काचेची चार फुटी टाकी, खाली कपाटात आणखी एक छोटी टाकी, पंप, नळ्या, वायरी... पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपली प्रोसेस कंट्रोल लॅबच आठवली. वरून निळसर प्रकाश. मासे मात्र मोजून पाच. "एवढ्या मोठ्या टाकीत एवढेच मासे?" मी विचारलं. मामा म्हणाला, "मासे पाहुणे आहेत गं. घरमालक ते बघ, ते दगड."

ते दगड म्हणजे दगडी प्रवाळ, म्हणजेच स्टोनी कोरल. त्यांना कसं सांभाळायचं हे मी त्या दोन महिन्यांत शिकले आणि शिकता शिकता त्यातलं एक जवळजवळ मारलंही. म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, शाळेत मराठी होतं ते शंभर मार्कांपुरतं. मामा पंचवीस वर्षं अमेरिकेत राहून 'चुन्याची निवळी' म्हणतो आणि मी पुण्यात राहून 'लाइम वॉटर'! तेव्हा या लेखातले चांगले शब्द मामाचे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या, असं समजून वाचा.

दगड नव्हे, प्राणी!

प्रवाळ ही वनस्पती की खनिज की प्राणी? व्हायवात विचारलं असतं तर मी खनिज म्हणून सांगितलं असतं. कारण काय, तर आजीच्या अंगठीतलं पोवळं! (ते पोवळंही एका प्राण्याचाच सांगाडा असतं, पण तो दगडी प्रवाळांचा लांबचा नातेवाईक.) खरं उत्तर आहे प्राणी. जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्या खानदानातला. एक प्रवाळ म्हणजे एक जीव नसून हजारो छोट्या जीवांची वसाहत असते. प्रत्येक जीवाला पॉलिप म्हणतात. एक तोंड, त्याभोवती बारीक हात, आत पोट... संपलं. प्रत्येक पॉलिप आपल्या बुडाखाली कॅल्शिअम कार्बोनेटचा पेला बांधतो, त्यावर पुन्हा बांधतो, पुन्हा बांधतो. म्हणजे हे जन्मभर गवंडीकाम करणारे प्राणी. समुद्रातल्या प्रवाळभित्ती यांनीच बांधलेल्या.

गवंडीकामाला ताकद लागते. ती येते भाडेकरूंकडून. पॉलिपच्या अंगात अतिसूक्ष्म शैवालं राहतात, त्यांना झूझँथेली म्हणतात. ही शैवालं उन्हात अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतात. प्रवाळाच्या गरजेची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाड्यातून येऊ शकते. प्रवाळाचा तपकिरी रंगही या भाडेकरूंचाच. पाणी फार तापलं की हे नातं तुटतं, शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हौशी लोक दगडी प्रवाळांचे दोन गट करतात. मोठ्या पॉलिपचे म्हणजे हॅमर, टॉर्च वगैरे युफिलिया. हे पाण्यात झुलताना फार देखणे दिसतात आणि त्यातल्या त्यात सोशीक असतात. लहान पॉलिपचे म्हणजे अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा. हे अतिशय नाजूक प्रकृतीचे. मामा म्हणतो, नवशिक्याने हॅमरपासून सुरुवात करावी आणि अ‍ॅक्रोपोराकडे निदान वर्षभर वळूनही बघू नये.

खारं पाणी, गोडं पाणी

पहिली गोष्ट पाणी. नळाचं पाणी बाद. आरओ आणि त्यापुढे डीआयनायझेशन केलेलं, जवळपास शून्य टीडीएसचं पाणी घ्यायचं आणि त्यात समुद्राचं तयार मीठ कालवायचं. क्षारता दर हजारी ३५, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस. रोज तीन-चार लिटर पाण्याची वाफ होते. आता सांगा, त्या जागी कुठलं पाणी घालायचं? मी झटकन "खारं" म्हणाले. चूक! वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. अकरावीचं केमिस्ट्री, पण टाकीसमोर उभं राहिलं की आठवत नाही.

दुसरी गोष्ट धीर. टाकी भरली की लगेच प्रवाळ आणता येत नाही. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. हे जिवाणू सच्छिद्र दगडांवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला साधारण महिना-दीड महिना जातो. तोपर्यंत तुम्ही खुर्ची टाकून रिकाम्या पाण्याकडे बघत बसायचं. मामी सांगते, मामा खरंच बसायचा.

पाण्यातला सेंद्रिय कचरा काढायला प्रोटीन स्किमर असतो. त्यात बारीक बुडबुडे सोडतात, कचरा बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतो आणि कपात जमा होतो. वरणाचा फेस काढतो ना आपण, तोच प्रकार. पण पाणी अगदी कोरंही चालत नाही. नायट्रेट थोडं, फॉस्फेट अगदी किंचित लागतंच, नाहीतर भाडेकरू शैवालं उपाशी राहतात.

ऊन, वारा आणि रूममेट

प्रकाश रोज आठ-दहा तास, त्यात निळ्या रंगाचा भाग जास्त, कारण खोल पाण्यात निळाच प्रकाश पोचतो. अ‍ॅक्रोपोराला प्रखर, म्हणून ते वर. हॅमर-टॉर्चला मध्यम, म्हणून ते खाली. नवीन आणलेलं प्रवाळ आधी तळाशी ठेवायचं आणि काही आठवड्यांत हळूहळू वर सरकवायचं. एकदम उन्हात नेलं तर पोळतं.

प्रवाह हा समुद्राचा वारा. प्रवाळ जागचं हलू शकत नाही, त्यामुळे त्याचा ऑक्सिजन, त्याचं अन्न, त्याचा कचरा सगळं पाण्यानेच आणायचं आणि न्यायचं. प्रवाह एकाच दिशेने सतत नको. तो उलटसुलट, लाटांसारखा हवा.

आणि अंतर! ही मंडळी दिसतात शांत, पण रात्री टॉर्चसारखी प्रवाळं लांब हात बाहेर काढून शेजाऱ्याला डंख मारतात. म्हणून दोघांत वीतभर जागा सोडायची. होस्टेलवर राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

चुना

आता मुख्य विषय. दगड बांधायला दगडाचं सामान लागतं, म्हणजे कॅल्शिअम आणि कार्बोनेट. पाण्यात कॅल्शिअम ४०० ते ४५० पीपीएम लागतं. कार्बोनेटचा साठा मोजतात तो अल्कलिनिटीने, तिचं एकक डीकेएच. ती सात ते नऊच्या आसपास लागते. जोडीला मॅग्नेशिअम सुमारे १३०० पीपीएम, ते नसेल तर चुना प्रवाळावर बसण्याऐवजी पंपावर आणि हीटरवर बसतो.

यात एक गंमत आहे. प्रवाळाने एक डीकेएच अल्कलिनिटी वापरली तर त्याबरोबर कॅल्शिअम फक्त सात पीपीएम जातं. म्हणजे ४२० मधले सात, पावणेदोन टक्के सुद्धा नाही. पण आठ डीकेएच मधला एक म्हणजे साडेबारा टक्के! कॅल्शिअम म्हणजे बँकेतली एफडी आणि अल्कलिनिटी म्हणजे खिशातले सुट्टे पैसे. संपतात ते आधी सुट्टे. मामाच्या टाकीत रोज जवळपास एक डीकेएच खर्च व्हायचा.

तो भरून काढायला मामा वापरतो चुन्याची निवळी. हो, तीच, पानाला लावतात त्या चुन्याच्या वरचं नितळ पाणी! जगभरचे हौशी लोक तिला जर्मन नावाने काल्कवासर म्हणतात. तिच्यात कॅल्शिअमही आहे आणि अल्कलिनिटीही, अगदी प्रवाळाला हव्या त्या प्रमाणात. मात्र तिचा पीएच १२ च्या वर, म्हणून ती थेंब थेंबच द्यायची. मामाची युक्ती अशी, की वाफेपोटी घालायचं गोडं पाणी ज्या ४० लिटरच्या ड्रममध्ये असतं, त्याच्या तळाशी त्याने चुना टाकून ठेवलेला. जेवढी वाफ होईल तेवढं पाणी छोटा पंप आपोआप टाकीत सोडतो आणि त्याबरोबर चुना जातो. एका पंपात दोन कामं. मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी, मला हे फारच आवडलं.

माझे दहा दिवस

जूनमध्ये आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मामा दहा दिवसांसाठी पुण्याला आला. म्हणजे मी त्याच्या घरी आणि तो माझ्या! टाकी माझ्यावर सोपवली. फ्रीजवर यादी लावली. माशांना चिमूटभर खाणं. काच पुसणं. स्किमरचा कप धुणं. तीन दिवसांनी अल्कलिनिटी मोजणं. पाणी कमी झालं तर ड्रम भरणं. ड्रमबद्दल एवढंच लिहिलं होतं.

टाकीच्या मधोमध एक निळसर-जांभळं अ‍ॅक्रोपोरा होतं. माझा मामेभाऊ जन्मला त्या वर्षी मामाच्या एका मित्राने अंगठ्याएवढा तुकडा दिला होता. भाऊ आता आठ वर्षांचा आणि ते प्रवाळ चांगलं वीतभर, झुडपासारखं पसरलेलं. दर वाढदिवसाला मामा दोघांचा शेजारी शेजारी फोटो काढतो.

तिसऱ्या दिवशी मोजलं, ८.४. झकास. त्याच दिवशी ड्रम भरायला गेले तर तळाशी पांढरा गाळ! मला वाटलं घाण साचलीय. होस्टेलच्या टाक्या बघून तयार झालेली नजर माझी. मी ड्रम बाहेर नेला, घासून लख्ख धुतला, कोरं पाणी भरलं आणि मामीला कौतुकाने दाखवला. मामीनेही कौतुक केलं.

तो गाळ म्हणजे चुना होता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

सहाव्या दिवशी मोजलं तर ५.९. पुन्हा मोजलं. ५.९ च. पोटात गोळा आला. ड्रमकडे बघितलं आणि सगळं कळलं. पुण्यात रात्रीचे दोन वाजले होते, दुसऱ्या दिवशी आजीचं ऑपरेशन. मामाला कशाला उठवायचं? आपण इंजिनिअर आहोत ना! वही घेतली. २.५ डीकेएच वाढवायचे, पाणी साधारण ३०० लिटर. एक डीकेएच म्हणजे लिटरला ०.३५७ मिलिइक्विव्हॅलंट. सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, किती? उत्तर आलं साडेबावीस ग्रॅम. मामीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, गोड्या पाण्यात विरघळवला आणि तासाभरात खालच्या टाकीत ओतून मोकळी झाले. संध्याकाळी मोजलं, बरोब्बर ८.४. एवढं अचूक उत्तर माझं प्रॅक्टिकलला कधी आलं नव्हतं. ड्रममध्ये पुन्हा चुना टाकला आणि शांत झोपले.

सकाळी ते अ‍ॅक्रोपोरा बुडापासून सोलत होतं.

ब्लीचिंगमध्ये रंग जातो, पण कातडी शिल्लक असते. इथे कातडीच सुटून पाण्यात तरंगत होती आणि खाली नुसता पांढराशुभ्र सांगाडा. याला रॅपिड टिश्यू नेक्रोसिस म्हणतात. बुडापासून सुरू होतं आणि तासातासाला वर सरकतं, कधी एका दिवसात पूर्ण वसाहत जाते. मी मामाला फोन लावला. तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मामीने फोन घेतला.

मामाने सगळं ऐकलं. रागावला नाही, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाला, "तुझं उत्तर बरोबर आहे बाळा. वेग चुकला. दिवसाला फार तर एक डीकेएच. तीन दिवस रोज साडेसात ग्रॅम द्यायला हवा होतास. उपास सोडताना कुणी पुरणाच्या पोळ्या खातं का? आता रडू नकोस, कटर आण."

कटर आणि सुपर ग्लू

दगडी प्रवाळाचं एक वरदान आहे. ती वसाहत असल्यामुळे फांदी तोडून लावली तर ती जगते, जास्वंदीसारखी. आणि ही सोलण्याची लागण पसरत असेल तर निरोगी शेंडे तोडून वेगळे करणं हाच एक उपाय उरतो. हातमोजे, गॉगल, हाडं कापायचा कटर. जिथे कातडी शाबूत आहे तिथेही मेलेल्या भागापासून दोन-तीन सेंटिमीटर वर कापायचं. कापलेलं टोक पुसायचं, त्यावर सुपर ग्लूची जेल लावायची आणि चिनी मातीच्या छोट्या बुचावर दाबून धरायचं. हो, तोच सुपर ग्लू. तो पाण्यात पटकन घट्ट होतो आणि प्रवाळाला बाधत नाही.

मी कापत होते, मामी बुचं धरत होती आणि मामेभाऊ शेजारी उभा राहून विचारत होता, "ताई, दुखतं का त्याला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ तुकडे निघाले. ते मंद प्रकाशात खाली ठेवले. दुपारपर्यंत मूळ झुडूप पूर्ण पांढरं झालं होतं.

आठातले तीन दोन दिवसांत गेले, पाच राहिले. त्यातले दोन मामीने गाडी काढून मामाच्या त्याच मित्राकडे पोचवले, ज्याने आठ वर्षांपूर्वी पहिला तुकडा दिला होता. या लोकांत ही पद्धतच आहे. आपल्याकडचं प्रवाळ दुसऱ्याला देऊन ठेवायचं, म्हणजे उद्या आपली टाकी बुडाली तर त्याच्याकडून परत आणता येतं. आपल्याकडे विरजण संपलं की शेजारच्या काकूंकडून आणतो, तसंच. ते विरजण मुळात आपणच कधीतरी त्यांना दिलेलं असतं.

मी निघाले तेव्हा उरलेल्या तिन्ही तुकड्यांनी बुचावर निळसर कड पसरायला सुरुवात केली होती. म्हणजे जमिनीला धरलं. अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या सुदृढ असतील तर वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात. वीतभर व्हायला परत तेवढीच वर्षं. या वाढदिवसाला मामाने फोटो पाठवला. भाऊ आणि त्याच्या शेजारी अंगठ्याएवढा तुकडा!

मग आपण होस्टेलवर ठेवायचं का?

नाही! आणि हे मस्करीत सांगत नाही. मलाही एक तुकडा इकडे आणायची फार इच्छा होती. मामाने सरळ नाही म्हणून सांगितलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत! ते समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं, सगळं गुन्हा. कुणी मत्स्यालयाच्या दुकानात "सर, खास माल आहे" म्हणून दाखवलं तर ओळखा. परदेशातून आणायचं म्हटलं तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराची बंधनं आहेत.

पण बघायला कोण नको म्हणतंय? आपल्याच मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात दगडी प्रवाळ आहेत, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि मुंबईत! वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ होते, २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी ते उचलून दुसरीकडे लावावे लागले. स्नॉर्केलिंगला गेलात तर एकच करा. त्यावर पाय टेकू नका. तुमच्या एका पावलाखाली कुणाचं तरी आठ वर्षांचं बांधकाम असतं.

जाता जाता

आपल्या घाटांत पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. मी ती हजार वेळा वाचली असेल, कळली न्यू जर्सीच्या तळघरात. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण सेट पॉइंटला पोचलो की खूश होतो. पण जिवंत गोष्टीला सेट पॉइंट पुरत नाही, तिथपर्यंत कसे गेलो तेही तिला कळतं.

परत आल्यावर मी थोडं वाचलं. दगडी प्रवाळ पृथ्वीवर सुमारे २४ कोटी वर्षांपासून आहेत. आजच्यापेक्षा गरम समुद्रही त्यांनी पाहिलेत. मग आताच काय झालं? २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या 'नोआ' संस्थेने चौथ्या जागतिक ब्लीचिंगची घोषणा केली. उत्तर पुन्हा तेच. समुद्र किती तापतोय एवढाच प्रश्न नाही, तो किती वेगाने तापतोय हा प्रश्न आहे. माझ्याकडून तासाभरात झालं ते आपण सगळे मिळून शे-दीडशे वर्षांत करतोय, प्रवाळांच्या हिशेबात तो तासच.

फरक एवढाच, की माझ्या वेळी पुण्यात फोन लावायला मामा होता. आणि वीस मिनिटांच्या अंतरावर विरजण ठेवलेलं होतं.

ता. क. मामाच्या फ्रीजवरच्या यादीत आता एक ओळ वाढलीय, लाल पेनाने लिहिलेली : 'ड्रम धुऊ नये.'